प्रिंटवरचे पिवळे ठिपके आणि निनावी अर्ज

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्या एका पतसंस्थेत क्लार्क आहेत. कर्जवाटपात गडबड दिसली म्हणून त्यांना नाव न देता उपनिबंधकांकडे अर्ज टाकायचा आहे. सोबत संस्थेच्याच कलर मशीनवर काढलेले काही खातेउतारे जोडायचे आहेत. कुणीतरी त्यांना सांगितलं की कलर प्रिंटरमधून निघणाऱ्या प्रत्येक पानावर डोळ्यांना न दिसणारी खूण असते आणि तिच्यावरून माणूस सापडतो. हे खरं आहे का, खरं असेल तर काय करावं आणि ती खूण पुसता येते का, असं त्या विचारतात.

ताई, खूण असते, बारीक पिवळ्या ठिपक्यांची. पण त्या खुणेवरून मशीन सापडतं, माणूस नाही. आणि तुमच्या बाबतीत मशीन कुठलं हे आधीच सगळ्यांना माहीत असणार, कारण ते तुमच्याच ऑफिसात आहे. म्हणून तुमचा प्रश्न थोडा वेगळा आहे: त्या मशीनजवळ, त्या वेळी, त्या फायलीपर्यंत पोचू शकणारी माणसं किती? ती संख्या तीन-चार असेल, तर ठिपके असोत वा नसोत, तुम्हाला धोका आहे. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना डोक्यात राहील.

मी गेली २६ वर्षं सांगली, मिरज आणि कुपवाड भागात कॉपियर आणि प्रिंटर दुरुस्त करतो. कलर लेझर मशीन उघडलं की चार टोनर, म्हणजे छपाईच्या रंगाच्या पुडी, दिसतात: काळा, निळसर, गुलाबी आणि पिवळा. पांढऱ्या कागदावर पिवळा रंग आपल्या डोळ्याला सगळ्यात कमी जाणवतो, म्हणून खुणेसाठी तोच वापरतात. ठिपका साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. दोन ठिपक्यांत मिलिमीटरभर अंतर. ठिपक्यांची ठरावीक जाळी पानभर पुन्हा पुन्हा छापलेली असते, मजकूर असो वा नसो. त्यामुळे पानाचा एखादा तुकडा हाती लागला तरी त्यावर पूर्ण नमुना मिळू शकतो.

स्वतः बघायचं असेल तर बघता येतं. कलर लेझरवरचं एक पान घ्या, ज्यावर बरीच कोरी जागा आहे असं. खोलीत अंधार करा. निळ्या एलईडीचा टॉर्च तिरका धरा आणि सराफ वापरतात तसल्या दहापट भिंगातून पांढऱ्या भागाकडे बघा. पिवळा रंग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून जो ठिपका साध्या उजेडात दिसतच नव्हता तो काळसर टाचणीच्या टोकासारखा उठून दिसतो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं टोनर उडतोय, टोनर वाहून नेणारी मशीनमधली पूड, म्हणजे डेव्हलपर, खराब झाला असेल. मग पान सरकवलं, तर दोन-तीन बोटांवर तीच रचना पुन्हा. उडालेला टोनर असा ओळीत बसत नाही. टॉर्च नसेल तर पान ६०० डीपीआयवर कलर स्कॅन करा आणि फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त निळा चॅनेल उघडून कॉन्ट्रास्ट वाढवा. तिथेही दिसतात.

हे सुरू झालं १९८० च्या दशकात. कलर कॉपियर बाजारात येत होते आणि लोक घरबसल्या नोटा छापतील अशी सरकारांना भीती होती. झेरॉक्स कंपनी आणि कॅनन यांनी ही पद्धत आणली. गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. २००४ मध्ये नेदरलँड्सच्या पोलिसांनी अशा खुणांवरून बनावट नोटावाल्यांचा माग काढल्याची बातमी आली तेव्हा जगाला याचा पत्ता लागला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं लोक पैसे मोजून घेतलेल्या मशीनवर स्वतःचे कागद छापत होते आणि त्या कागदावर आणखी काय छापलं जातंय हे त्यांना माहीत नव्हतं. नोटांच्या बंदोबस्ताला माझा विरोध नाही. बनावट नोट ज्या भाजीवालीच्या हातात येते तिची दिवसाची कमाई जाते. पण न सांगता करणं हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेने झेरॉक्सच्या डॉक्युकलर मालिकेतल्या मशीनचा नमुना उलगडला. ती जाळी १५ उभ्या स्तंभांची आणि ८ आडव्या ओळींची आहे. प्रत्येक स्तंभ म्हणजे एक आकडा. खालून वर ओळींची किंमत १, २, ४, ८, १६, ३२, ६४. ठिपका असेल ती किंमत धरायची, नसेल ती सोडायची, बेरीज करायची. सगळ्यात वरची ओळ आणि डावीकडचा पहिला स्तंभ फक्त ताळा घेण्यासाठी असतो: कुठल्याही स्तंभात ठिपक्यांची संख्या विषम यायला हवी. समजा मिनिटांच्या स्तंभात १६ आणि ४ च्या जागी ठिपके आहेत, तर २० मिनिटं. दोनच ठिपके झाले, संख्या सम, म्हणून वर ताळ्याचा तिसरा ठिपका. तासाच्या स्तंभात ४ आणि २, म्हणजे सहा वाजले. दिवस ८ आणि १, महिना ४ आणि १, वर्ष १६ आणि १. म्हणजे ९ मे २०१७, सकाळी सहा वाजून वीस मिनिटं. उरलेल्या काही स्तंभांत मशीनचा सिरियल नंबर.

ही तारीख मी उगीच घेतलेली नाही. अमेरिकेत रिॲलिटी विनर नावाच्या कंत्राटी कर्मचारी बाईंनी एनएसए या गुप्तचर संस्थेचा एक अहवाल छापून पत्रकारांना पाठवला. द इंटरसेप्ट या वृत्तसंस्थेने जून २०१७ मध्ये तो कागद स्कॅन करून जसाच्या तसा प्रसिद्ध केला आणि त्या स्कॅनवर हे ठिपके होते. बाहेरच्या लोकांनी ते वाचले, तर हीच वेळ निघाली. सगळीकडे बोलबाला झाला की ठिपक्यांनी बाईंना पकडून दिलं. तपासाच्या कागदपत्रांत मात्र दुसरीच गोष्ट आहे. पत्रकारांनी खातरजमा करण्यासाठी कागदाची प्रत सरकारकडे दाखवली. त्यावर घडीच्या खुणा दिसल्या, म्हणजे कुणीतरी छापून, घडी घालून बाहेर नेलाय हे कळलं. मग ऑफिसच्या नोंदी बघितल्या: तो अहवाल सहा जणांनी छापला होता. त्या सहांपैकी एकाच व्यक्तीने ऑफिसच्या संगणकावरून त्या वृत्तसंस्थेला ईमेल केलेला होता. त्यांना ५ वर्षं ३ महिने शिक्षा झाली.

सहा जण, ताई. तुमच्या संस्थेत तो उतारा काढू शकणारे किती आहेत, मोजा.

आता एक गोष्ट, जी ठिपक्यांच्या चर्चेत कुणी काढत नाही. तुम्ही काढलेल्या खातेउताऱ्याची सगळ्यात खालची ओळ वाचा. पतसंस्थांच्या आणि बँकांच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्या ओळीत छापणाऱ्याचा युजर आयडी, तारीख आणि वेळ बारीक अक्षरात येते. भिंग लागत नाही, टॉर्च लागत नाही. ती ओळ कापून टाकली तरी सॉफ्टवेअरच्या आत कुणी कुठलं खातं कधी उघडलं याची नोंद राहते. माझ्या बघण्यात असे लोक आहेत जे अदृश्य खुणेला घाबरून शहर बदलून प्रिंट काढायला गेले आणि पायाशी स्वतःचं नाव छापलेलं पान जोडून मोकळे झाले.

सिरियल नंबरवरून पुढे कसं जातात हेही सांगतो, कारण त्या साखळीतली एक कडी मी आहे. कंपनीकडे नंबर दिला की कुठल्या डीलरला मशीन गेलं ते कळतं. डीलरकडे जीएसटीचं बिल असतं, वॉरंटीची नोंद असते. पुढे सर्व्हिस करणाऱ्याकडे रजिस्टर असतं: मशीन नंबर, मीटर रीडिंग, गिऱ्हाइकाचं नाव, मोबाईल. आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत मात्र बरीच मशीन परदेशातून आलेली रिकंडिशन असतात. कंटेनरमधून मुंबईला उतरतात, तिथून पुण्या-कोल्हापूरच्या व्यापाऱ्याकडे आणि मग इकडे. अशा मशीनचा नंबर कंपनीच्या वहीत युरोपातल्या एखाद्या ऑफिसच्या नावावर असतो. तो सांगलीच्या कुठल्या दुकानात आहे हे फक्त माझ्यासारख्याच्या रजिस्टरमध्ये सापडतं. मशीनमधलं घड्याळही नेहमी बरोबर नसतं. बॅटरी गेली की तारीख मागे जाते आणि दुकानदार ती लावायच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे ठिपक्यांतली वेळ म्हणजे ब्रह्मवाक्य, असं कोर्टातही कुणी समजू नये. शिवाय सगळ्या नमुन्यांत वेळ असतेच असं नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी १८ कंपन्यांच्या १४१ प्रिंटरवरची १,२८६ पानं तपासली. तेव्हा ठिपक्यांचे आणखी वेगळे नमुने सापडले आणि प्रत्येकात भरलेली माहिती सारखी नव्हती.

मग काळं-पांढरं वापरलं तर? पिवळा टोनरच नाही, म्हणजे पिवळे ठिपके नाहीत. ही पद्धत कलर लेझरची आहे, घरातल्या इंकटँकची नाही. इथवर ठीक. पण काळ्या मशीनलाही स्वतःचा चेहरा असतो. काही वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या निवडणुकीआधी निनावी पत्रक वाटलं गेलं. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ ते पत्रक घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “तुम्ही सगळीकडची मशीन बघता, हे कुठून निघालंय तेवढं सांगा.” मी पान हातात घेतलं. डाव्या समासात एक फिकट काळा ठिपका, तसाच खाली पुन्हा, आणि आणखी खाली. पट्टी लावली: बरोबर ९४ मिलिमीटर. मशीनमधला ३० मिलिमीटर व्यासाचा ड्रम, म्हणजे कागदावर छाप उठवणारा फिरता दंडगोल, एक फेरा पूर्ण करतो तेव्हा कागद तेवढाच सरकतो. म्हणजे ड्रमला एका जागी टोचा पडलेला होता. दहा दिवसांपूर्वी त्याच टोच्यासाठी एका दुकानात मी “ड्रम बदला” म्हणून सांगून आलो होतो. मला दुकान कळलं. मी त्या गृहस्थांना सांगितलं नाही. त्यांच्याकडे पोलिसांचा कागद नव्हता, कोर्टाचा नव्हता, फक्त राग होता. माझ्या जागी दुसरा कुणी असता, किंवा त्यांचा माझ्यावर काही दबाव असता, तर त्या दुकानातल्या पोराने ज्याला प्रती काढून दिल्या त्याच्या दारात संध्याकाळी माणसं उभी राहिली असती. त्या दिवसापासून माझं रजिस्टर टेबलावर उघडं नसतं, आणि लेखी कायदेशीर मागणीशिवाय ते मी कुणालाही दाखवत नाही.

ठिपक्यांपेक्षा मला खरी काळजी काउंटरची वाटते. प्रिंट काढायला गेलात की दुकानदार म्हणतो, “व्हॉट्सअ‍ॅपला टाका.” तुम्ही टाकता. तुमचा नंबर, तुमचा फोटो, फाईल आणि वेळ त्याच्या संगणकावर उघड्या असलेल्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये राहते. फाईल डाउनलोडच्या फोल्डरमध्ये जाते. मी दुरुस्तीला गेलो की असे फोल्डर बघतो: आधार, पॅन, सातबारा, दवाखान्याचे रिपोर्ट, मुलींचे बायोडेटा, हजारोंनी पडलेले. दुकानदाराच्या मनात पाप नसतं, त्याला वेळ नसतो. पण तिथे येणारा-जाणारा कुणीही पेनड्राइव्ह लावू शकतो. वर्डची फाईल असेल तर तिच्या आत लिहिणाऱ्याचं नाव बहुधा आपोआप बसलेलं असतं. डोक्यावर कॅमेरा असतो. तुमचा निनावी अर्ज तुम्ही असा छापलात, तर पिवळ्या ठिपक्यांची गरजच कुणाला पडणार नाही.

आणि मशीनच्या पोटातली हार्डडिस्क. ऑफिसात असतात तसल्या मोठ्या मशीनमध्ये अनेकदा ती असते, आणि स्कॅन-प्रिंट केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मारुती रोड, हरभट रोड भागातली कितीतरी दुकानं पाण्यात गेली. चिखलाने भरलेली मशीन लोकांनी भंगारात दिली. मी ज्यांना गाठू शकलो त्यांना म्हणालो, आधी डिस्क काढून घ्या, पाण्यात बुडाली म्हणजे पुसली गेली असं नसतं. थोड्यांनी ऐकलं. घर वाहून गेलेल्या माणसाला डिस्कचं सांगायला मलाही जड जात होतं. अमेरिकेत एका आरोग्य विमा संस्थेने भाड्याची कॉपियर परत करताना डिस्क पुसल्या नाहीत म्हणून २०१३ मध्ये तिला १२ लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, पण झेरॉक्सच्या दुकानापर्यंत तो पोचायला अजून अवकाश आहे. तोवर आधारची प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसतील असं मास्क केलेलं आधार काढून तेच द्या, आणि प्रिंट झाली की समोर उभं राहून फाईल डिलीट करायला लावा. बहुतेक दुकानदार लगेच करतात.

खूण असावी की नसावी, यावर माझं मत विचाराल तर छापखान्याच्या धंद्याकडे बघा. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापलं की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे त्यावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हीसुद्धा खूणच आहे. पण ती कायद्यात लिहिलेली आहे, कागदावर सगळ्यांना वाचता येते, आणि तिच्याविरुद्ध कोर्टात भांडताही येतं. ठिपक्यांचं तसं नाही. मशीनच्या खोक्यावर लिहिलेलं नसतं, माहितीपुस्तिकेत मला कधी सापडलं नाही, आणि बंद करायचं बटण नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. त्या हक्काला काही अर्थ असायचा तर किमान एवढं तरी हवं की विकत घेणाऱ्याला ही खूण असते हे बिलासोबत लेखी कळावं.

आता तुमचं काम. उतारे जोडू नका, ताई. एक तर त्यावर तुमचा आयडी आणि वेळ आहे. दुसरं, त्यात कर्जदारांची खासगी माहिती आहे, आणि त्यातल्या निम्म्या लोकांचा या गडबडीशी काही संबंध नसेल. अर्जात कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, रक्कम आणि काय चुकलं हे लिहा: तारण कमी होतं, जामीनदार एकच तीन ठिकाणी आहे, जे असेल ते. मूळ कागद संस्थेच्या दप्तरात आहेत, तपासणी करणारा ते तिथूनच काढेल. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे निबंधक स्वतःहूनही चौकशी लावू शकतात. मात्र फक्त तुमच्याच टेबलावरून दिसणारी खाती लिहू नका. चार जणांना माहीत असलेली, लेखापरीक्षणात बाहेर आलेली, वार्षिक सभेत कुणी विचारलेली खाती घ्या. अर्जाची भाषा तुमची रोजची नको. ऑफिसात सगळे एकमेकांची वाक्यं ओळखतात. “सदर बाबत” कोण लिहितं आणि “याबाबत” कोण, हे शिपायालाही माहीत असतं.

निनावी अर्जाचं दुसरं दुखणं असं की तो बऱ्याचदा दप्तरी दाखल होतो, कारवाई होत नाही. म्हणून मी तुम्हाला वेगळं सुचवेन. तुमच्या तालुक्यातला नको, सांगली किंवा कोल्हापूरचा वकील गाठा, तोही प्रत्यक्ष, फोनवर नाही. त्याला खरं नाव सांगा. अर्ज एखाद्या सभासदाच्या किंवा ठेवीदाराच्या सहीने जाऊ शकतो का ते विचारा. ठेवीदाराला हिशोब विचारायचा हक्क आहे आणि त्याची नोकरी तिथे नाही. हीच तक्रार राष्ट्रीयीकृत बँकेतली असती तर केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद पाकिटात, पाकिटावर नाव न घालता, आतल्या पत्रात नाव देऊन करता आली असती. केंद्र सरकारच्या २००४ च्या ठरावाने तशी सोय आहे आणि नाव गुप्त ठेवणं आयोगावर बंधनकारक आहे. पतसंस्थेला ती लागू नाही, हे आपल्या भागातल्या शेकडो पतसंस्थांमधल्या नोकरदारांचं मोठं नुकसान आहे, आणि हे सहकार खात्याकडे कुणीतरी लावून धरायला हवं.

ठिपके पुसायचे कसे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. ड्रेस्डेनच्या त्या संशोधकांनी ठिपक्यांत आणखी ठिपके मिसळून नमुना वाचता येणार नाही असं करणारं सॉफ्टवेअर खुलं केलेलं आहे. पण त्याच्या नादी लागू नका. तुमचं पान ज्यांना ओळखायचंय ते भिंग घेऊन बसणारे नाहीत. ते हजेरीपट बघणार, लॉग बघणार, आणि त्या दिवशी उशिरापर्यंत कोण थांबलं होतं हे शिपायाला विचारणार.

भिंग आणि टॉर्च माझ्या कपाटात आहे. एकदा डोळ्यांनी बघितलं की धास्ती कमी होते, म्हणून बघायला जरूर या. येताना अर्ज किंवा उतारे आणू नका. कुणाच्याही घरची कलर लेझरवर छापलेली बारशाची पत्रिका चालेल.